पियानो, पेटी आणि कॅसिओ : मुलाला शिकायला घालण्यापूर्वी

पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांची एकच रांग पियानो, बाजाची पेटी आणि विजेवर चालणारा कीबोर्ड या तिन्ही वाद्यांवर मांडलेली असल्यामुळे ही एकाच वाद्याची महाग, मध्यम आणि स्वस्त रूपे असावीत, आणि एकावर हात बसला की दुसऱ्यावर तो आपोआप चालू लागेल, असा समज पालकांमध्ये रूढ आहे. लहान गावांत ‘पियानो क्लास’ या नावाने जो वर्ग भरतो त्यात बहुधा कीबोर्डच असतो, आणि तो कोणत्याही कंपनीचा असला तरी त्याला सरसकट कॅसिओ म्हटले जाते. मुलाला शिकायला घालताना पालकांचा बराचसा वेळ वाद्याच्या किमतीची चौकशी करण्यात जातो. परंतु ज्यावर पुढील चार-पाच वर्षांचे यशापयश प्रत्यक्षात ठरते तो प्रश्न, म्हणजे मूल रोज कोणते संगीत ऐकणार आणि त्याचे वाजवणे घरात व गावात कोण ऐकणार, हा क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत विवेचनात हाच प्रश्न मध्यवर्ती मानला असून त्याचा विचार महाड तालुक्यातील दासगाव आणि त्याच्या आसपासचा पोलादपूरपर्यंतचा मुलूख समोर ठेवून केला आहे; कारण या विषयावरील उपलब्ध मार्गदर्शन शहरातील घर, शहरातील शिक्षक आणि हाकेच्या अंतरावरचा दुरुस्ती कारागीर गृहीत धरून लिहिलेले असते, आणि सावित्री नदीच्या खोऱ्यात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

तिन्ही वाद्यांत स्वर निर्माण होण्याची रीत मुळातच वेगळी आहे. पियानोची पट्टी दाबली की तरफांच्या जोडणीतून नमद्याने मढवलेली हातोडी उसळून तारेवर आदळते व तत्काळ मागे येते. तार त्या एका आघातावर वाजत राहते, तिचा नाद हळूहळू विरत जातो, आणि पट्टी सोडताच नमद्याची दुसरी गादी तारेवर बसून तो थांबवते. फ्लॉरेन्स येथील बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास ही यंत्रणा सिद्ध केली, ती आधीच्या हार्पसिकॉर्ड या वाद्यातील एका उणिवेवर उपाय म्हणून. त्या वाद्यात तार पिसाच्या टोकाने छेडली जात असल्यामुळे बोट हलके पडो वा जोरात, आवाज जवळपास तेवढाच निघे. पियानोत मात्र बोट पट्टीला किती वेगाने खाली नेते यावर आवाजाचा लहानमोठेपणा अवलंबून असतो, आणि या वाद्याचे सारे शिक्षण या एका गोष्टीभोवती उभे आहे. पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. त्यांच्यासाठी आत दोनशेहून अधिक तारा ताणलेल्या असतात आणि त्यांची एकूण ओढ पंधरा टनांहून अधिक भरते, म्हणून ती पेलण्यासाठी बिडाची चौकट लागते. भिंतीला टेकवून ठेवायचा उभा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतो, याचे कारण हेच होय.

पेटीत तार नाही आणि हातोडीही नाही. पितळेची पातळ पात, जिला वादक व कारागीर ‘सूर’ म्हणतात, ती भात्याच्या वाऱ्याने थरथरते आणि वारा आहे तोवर स्वर टिकतो. पॅरिसमधील अलेक्झांद्र दबँ याने १८४० च्या दशकाच्या आरंभी ज्या हार्मोनियमचे पेटंट घेतले ती पायांनी भाता चालवण्याची होती. मराठी संगीत नाटकांतील पायपेटी वा ऑर्गन याच जातीचा. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या वादकासाठी हाताने चालणाऱ्या भात्याची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली, आणि या बदलाबरोबर वादकाचा डावा हात पट्ट्यांवरून निघून भात्यावर गेला. पेटी शिकणाऱ्या मुलाचा उजवा हात तयार होतो आणि डावा हात श्वासाचे काम शिकतो. पियानो शिकणाऱ्या मुलाला दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन वेगळ्या ओळी वाजवाव्या लागतात. पेटीवरचा आवाज लहानमोठा होतो तो भात्यामुळे, पियानोवर होतो तो बोटामुळे. तेव्हा पाच वर्षे पेटी वाजवलेले मूल पियानोपुढे बसले तर त्याला पट्ट्यांचा क्रम ठाऊक असेल, परंतु जे पियानोचे खरे काम आहे त्यात ते नवशिकेच असेल.

कीबोर्ड या दोहोंहून निराळा आहे, कारण त्यात तार किंवा पात थरथरत नाही. पट्टी ही केवळ विजेची कळ असते आणि साठवून ठेवलेला ध्वनी लाउडस्पीकरमधून बाहेर पडतो. जपानच्या कॅसिओ कंपनीने १९८० मध्ये आपला पहिला कीबोर्ड बाजारात आणला. घरोघरी दिसणाऱ्या कीबोर्डला बहुधा ६१ पट्ट्या असतात, त्या स्प्रिंगवर उडतात आणि अगदी स्वस्त नमुन्यांत बोट कसेही पडले तरी आवाज तेवढाच येतो. म्हणजे क्रिस्तोफोरीने तीनशे वर्षांपूर्वी जी उणीव दूर केली ती पुन्हा घरात येते. बोटाच्या वेगानुसार आवाज बदलणारे आणि हातोडीच्या वजनाची नक्कल करणाऱ्या ८८ पट्ट्यांचे डिजिटल पियानोही मिळतात, ते महाग असतात. मुलाला पियानोच शिकवायचा असा ज्यांचा ठाम निश्चय आहे त्यांनी निदान या जातीच्या वाद्याची तयारी ठेवावी. हलक्या पट्ट्यांवर घडलेली बोटे खऱ्या पियानोवर बसली की कोरी पडतात आणि मग शिकलेले आधी विसरावे लागते.

वाद्यांचा हा भेद समजल्यावर गावाकडे वळणे सोपे जाते. दासगाव हे सावित्रीच्या खाडीकाठचे जुने बंदर. मुंबईच्या आगबोटी येथवर येत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी २५ तारखेला दासगावलाच बोटीतून उतरून महाडला गेले होते. बोटींची जागा पुढे महामार्गाने आणि जवळच्या वीर स्थानकावरून जाणाऱ्या कोकण रेल्वेने घेतली, परंतु घरटी कोणीतरी मुंबईत आणि सणाला चाकरमानी गावात ही रीत कायम राहिली, आणि गावातील पहिला कीबोर्ड बहुधा याच वाटेने, भाच्या-पुतण्यासाठी आणलेली भेट म्हणून, घरात येतो. या टापूत जे संगीत वर्षभर कानावर पडते ते असे : भजनी मंडळांची भजने, हरिनाम सप्ताहातील कीर्तने (पोलादपूरच्या डोंगरी वाड्यांतून वारकरी परंपरा विशेष घट्ट आहे), गणपतीतील आरत्या, शक्ती-तुऱ्याचे सामने, आणि चवदार तळ्याच्या स्मरणदिनी, २० मार्चला, महाडला लोटणाऱ्या जनसमुदायाची भीमगीते. या संगीतात पेटी सर्वत्र आहे, कॅसिओ अलीकडे वाढता आहे आणि पियानो नाही.

पियानो नाही ही काही गावाची उणीव नव्हे. मात्र पालकांच्या निर्णयात ही वस्तुस्थिती वाद्याच्या किमतीहून जड ठरली पाहिजे. पाश्चात्त्य संगीत भारतीय भूमीवर खोल रुजले त्या गोव्याचे उदाहरण येथे उपयोगी आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातील चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे, गाणे आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि या शिक्षणातूनच पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वाद्यवृंदातील असंख्य वादक व संयोजक मिळाले. ही मुले विशेष प्रतिभावान होती असे मानण्याचे कारण नाही. आठवडाभर जे शिकायचे ते रविवारी चर्चमध्ये शेकडो लोकांसमोर गायचे-वाजवायचे, आणि ऐकणाऱ्यांतील निम्म्यांना त्यात काय चुकले ते कळायचे, ही व्यवस्था त्यांच्यामागे होती. दासगावच्या भजनी मंडळात पेटीवाल्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलालाही अशीच व्यवस्था आयती मिळते. अभंगाची चाल त्याला आधीच पाठ असते, चुकीचा स्वर लागला तर टाळ वाजवणारा आजोबासुद्धा मान वळवून पाहतो, आणि दर एकादशीला वाजवण्याचे निमित्त ठरलेले असते. याच मुलाला बंद खोलीत, घरात कोणीही कधी न ऐकलेल्या युरोपीय नृत्यरचना वाजवायला लावल्या तर त्याला आपले बरोबर आले की चूक हे सांगणारे आठवड्यातून एकदा भेटणारे शिक्षक वगळता कोणीही उरत नाही. पेटीने आरंभ करावा असा या विवेचनाचा जो कल आहे तो परंपरेच्या अभिमानापोटी नसून या एका कारणापोटी आहे.

पेटीने आरंभ करणाऱ्या मुलाच्या बाबतीत पालकांना एक तांत्रिक गोष्ट माहीत असणे फार आवश्यक आहे, ती म्हणजे ‘सा’ची जागा. पियानोवर प्रत्येक पट्टीचे नाव आणि तिची उंची कायमची ठरलेली असते. मध्यभागाच्या किंचित उजवीकडील ‘ए’ या पट्टीची तार सेकंदाला ४४० कंपने करते असे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. आपल्या संगीतात ‘सा’ गाणाऱ्याच्या गळ्यावर ठरतो आणि पेटीवाल्याने तो मानायचा असतो. म्हणून पेटीच्या पट्ट्यांना पांढरी एक, काळी एक, काळी दोन अशी नावे आहेत आणि ‘बुवांची काळी दोन आहे’ याचा अर्थ त्या पट्टीला सा मानून सारा अभंग वाजवायचा असा होतो; महिला मंडळाचा सा काळी चार किंवा पाच असेल तर तोच अभंग बोटांच्या पूर्णपणे वेगळ्या चालीने वाजवावा लागतो. कीबोर्डवर हे श्रम वाचवणारे ट्रान्सपोज नावाचे बटण असते, ते दाबले की मूल पांढरी एकवरच वाजवत राहते आणि आवाज हव्या त्या पट्टीचा निघतो. पट्ट्यांची सबंध रांग सरकवता येणाऱ्या स्केलचेंजर पेटीत हीच सोय यांत्रिक रीतीने केलेली असते. कार्यक्रमात अनुभवी वादकाने या सोयी जरूर वापराव्यात, शिकणाऱ्याच्या हाती त्या पहिली दोन-तीन वर्षे देऊ नयेत, कारण त्यांच्या आधाराने शिकलेले मूल साध्या पेटीपुढे बसवले की बुवांनी पट्टी सांगताच गोंधळते. शिक्षकांची पारख करण्याची एक सोपी कसोटीही यातून मिळते : वर्गातील मुलांना एकच अलंकार, म्हणजे सरगमचा ठरावीक क्रमाने रचलेला पलटा, तीन वेगवेगळ्या पट्ट्यांवरून वाजवता येतो की नाही हे पालकांनी स्वतः ऐकून पाहावे.

पट्ट्यांच्या वाद्याची मर्यादाही आरंभीच माहीत असलेली बरी. आधुनिक पियानो आणि पेटी ही वाद्ये समस्वरांतरावर जुळवलेली असतात. याचा अर्थ, एका सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, जेणेकरून कोणत्याही पट्टीवरून आरंभ करता यावा. या सोयीची किंमत अशी की त्यांतील काही स्वर तंबोऱ्यातून उमटणाऱ्या नैसर्गिक स्वरांहून किंचित सरकलेले राहतात. शुद्ध गंधार एका अर्धस्वराच्या सुमारे एक-सप्तमांश इतका चढा बोलतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड ओघळत जाण्याची क्रिया, जिला मींड म्हणतात, ती पट्ट्यांवर शक्यच नाही. या दोन आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केले आणि ती बंदी उठायला १९७१ उजाडावे लागले. दुसऱ्या बाजूने, विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे मोजमाप करून त्यांना अनुरूप पेटी घडवण्याचा प्रयत्न केला, तर गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर आणि तुळशीदास बोरकर यांनी साध्या पेटीवरच असे वादन केले की वादाचा जोर बोलण्यापुरता उरला. पालकांनी यातून घ्यावयाचे ते एवढेच की मुलाला केवळ वाजवू न देता तंबोऱ्याबरोबर, मोबाइलवरच्या तंबोऱ्याबरोबर का होईना, रोज थोडे गायला लावावे. कान गळ्यातून तयार होतो आणि पट्टी त्याला चुकवू शकते.

पियानोच शिकवू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी दोन गोष्टी आणखी सांगितल्या पाहिजेत. पहिली वाचनाची. पेटी शिकताना मुलाला बहुधा भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीचे स्वरलेखन भेटते, ज्यात सा-रे-ग-म ही अक्षरेच लिहून खाली-वर रेघा व टिंबे देतात, आणि मराठी वाचणारे मूल ते थोड्या दिवसांत उलगडते. पियानोचे स्वरलेखन पाच-पाच आडव्या रेघांच्या दोन संचांत असते, वरचा संच मुख्यतः उजव्या हाताचा आणि खालचा डाव्याचा, व दोन्ही एकाच नजरेत वाचावे लागतात. हे वाचन सावकाश येते, आणि ते टाळून केवळ पट्ट्यांवर चिकटवलेल्या अक्षरांवरून गाणी बसवून घेणारा वर्ग पियानो शिकवत नाही असे स्पष्ट म्हणावे. दुसरी गोष्ट हवेची. महाडच्या टापूत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात जाते, तर पियानो बनवणारे साधारणतः चाळीस ते साठ टक्के आर्द्रता सुचवतात. लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, तारांना गंज चढतो, नमद्याला कसर लागते, आणि वर्षातून निदान एक-दोनदा स्वर जुळवून घ्यायला माणूस मुंबई-पुण्याहून बोलवावा लागतो. २००५ च्या जुलैतील दरडी आणि २०२१ च्या जुलैतील पूर या मुलुखाने सोसला आहे. दोनशे किलोची वस्तू तळमजल्यावर ठेवायची की नाही हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पेटीलाही पावसाळा मानवत नाही, सूर काळवंडतात, भात्याला बुरशी येते आणि उंदीर त्याला भोक पाडतात, पण ती कोरड्या कापडात गुंडाळून माळ्यावर चढवता येते. कीबोर्ड त्या मानाने सोशीक. वीज गेली की मात्र मुका.

वयाविषयी जे सांगितले जाते त्यात अतिशयोक्ती फार आहे. सहा-सात वर्षांचे मूल डावे-उजवे ओळखते, पाच बोटे स्वतंत्रपणे हलवू शकते आणि दहा-पंधरा मिनिटे एका जागी बसते, म्हणून हे वय पियानोला सोयीचे. पेटीवर डावा हात भात्यापर्यंत पोचवून पाठ ताठ ठेवायची असल्यामुळे आठ-नऊ वर्षांपर्यंत थांबले तरी काही बिघडत नाही, तोवर गाणे आणि टाळ चालू द्यावा. वयाहून निर्णायक ठरते ते घरातील मोठ्या माणसाचे शेजारी बसणे. योहान सेबास्टियन बाख याने आपला थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान नऊ वर्षांचा असताना, जानेवारी १७२० मध्ये, त्याच्यासाठी एक वही घातली आणि तीत स्वरांच्या खुणा, बोटांचे क्रमांक, मग सोप्यापासून अवघड रचना असे स्वतः लिहीत गेला. जपानचे शिनिची सुझुकी यांनी विसाव्या शतकात व्हायोलिनसाठी रचलेल्या आणि पुढे पियानोलाही लावलेल्या पद्धतीत आई किंवा वडिलांनी तासाला हजर राहून घरी सराव घेणे हा शिक्षणाचाच भाग मानला आहे. बाप बाख असण्याची गरज नाही. रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटे शेजारी बसून ऐकणारी, काल अडले ते आज सुटले का एवढेच पाहणारी आजी त्या कामाला पुरते, आणि रविवारी एकदम दोन तास बसवण्यापेक्षा ती पंधरा मिनिटे कितीतरी जास्त फळतात.

लाभांच्या आश्वासनांबाबत पालकांनी सावध असावे. वाद्य शिकल्याने गणित सुधारते, बुद्धी वाढते अशा जाहिरातींमागे बऱ्याचदा १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या प्रयोगाची सावली असते. त्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी दहा मिनिटे मोझार्टची रचना ऐकल्यावर आकृत्यांच्या चाचणीत त्यांचे गुण थोडा वेळ वाढलेले दिसले. त्यांनी कोणतेही वाद्य वाजवले नव्हते, ती मुले नव्हती, आणि परिणाम पंधरा मिनिटांत ओसरला होता. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात ही तरतूद खरी आहे, आणि तिच्यामुळे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षांना बसणारी मुले वाढली हे चांगलेच झाले; तथापि परीक्षेपुरते तीन राग आणि ठरलेल्या ताना वर्षभर घोकून घेतलेले मूल आरतीला पेटी पुढे केली तर मागे सरते, हे दृश्य इतके सर्रास आहे की त्याबद्दल शिक्षकांना आणि पालकांना सारखेच जबाबदार धरावे लागेल. पियानोच्या ट्रिनिटी कॉलेज लंडन किंवा एबीआरएसएम यांच्या एक ते आठ श्रेणींच्या परीक्षांनाही हेच लागू आहे, फरक एवढाच की तेथे न पाहिलेले स्वरलेखन वाचून वाजवण्याची आणि केवळ ऐकून ओळखण्याचीही कसोटी बहुधा असते, म्हणून निव्वळ पाठांतराला वाव थोडा कमी.

पहिले वाद्य विकत घेण्याची घाई तर अजिबात करू नये. बहुतेक भजनी मंडळांकडे मंडळाच्या मालकीची पेटी असते आणि मंडळातील वडीलधाऱ्या पेटीवाल्यांना रीतसर विचारून मुलाला काही महिने त्यांच्याजवळ बसवणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरी परीक्षा होय. भजन संपल्यावरही मूल पेटीपाशी घुटमळत असेल तर पुढचा विचार करावा. मग वापरलेली पेटी घेतली तरी चालते, मात्र ती पावसाळ्यात पाहावी, उन्हाळ्यात नव्हे, कारण ओलाव्याने होणारे दोष कोरड्या हवेत लपतात. एकही पट्टी न दाबता सगळे खटके उघडून भाता भरावा : वारा लवकर निघून गेला तर पेटी गळते, आणि कोणताही सूर आपोआप बोलू लागला तर त्या पट्टीखालची गादी किंवा स्प्रिंग गेलेली असते. त्यानंतर डावीकडच्या खर्जापासून उजवीकडच्या शेवटच्या पट्टीपर्यंत प्रत्येक स्वर हलक्या भात्यावर वेगवेगळा वाजवून पाहावा. जोराच्या वाऱ्यावर सगळेच सूर बोलतात, मंद वाऱ्यावर उशिरा बोलणारा सूर मात्र कारागिराकडे पाठवावा लागतो आणि त्याचा खर्च सौद्यातून आधीच वळता करून घ्यावा.